‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द फ्लेक्सवर फुकट मिळतो, बिल मात्र बाप भरतो

(पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात खेळणारं लेकरू आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी, बाकीच्यांनी सोडून दिली तरी चालेल.)

जालन्यात अंबड चौफुलीपासून भोकरदन नाक्यापर्यंत एक चक्कर मारा आणि फ्लेक्स वाचत चला. वाढदिवस, नियुक्ती, श्रद्धांजली, आणि त्यांच्यामध्ये अधूनमधून पांढऱ्या ड्रेसातलं, पट्टा बांधलेलं एखादं लेकरू. गळ्यात पदक, खांद्यावर तिरंगा. खाली ठळक अक्षरांत ‘आंतरराष्ट्रीय तायक्वांदोपटू’. त्याच्याखाली शुभेच्छुकांची रांग, आणि शुभेच्छुकांचे फोटो लेकराच्या फोटोपेक्षा मोठे.

त्या लेकरांविषयी माझ्या मनात कौतुकच आहे. सकाळी पाचला उठून, मैदानावरच्या फुफाट्यात अनवाणी लाथा मारणारं पोरगं मोबाईल घेऊन पडलेल्या शंभर पोरांपेक्षा केव्हाही भारी. माझं भांडण आहे ते ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाशी, आणि तो शब्द विकून दुकान चालवणाऱ्यांशी.

आधी एक साधी गोष्ट सांगतो, जी फ्लेक्सवर कधी लिहिलेली नसते.

तायक्वांदो 1988 ला सोलमध्ये आणि 1992 ला बार्सिलोनात प्रदर्शनीय खेळ म्हणून ऑलिंपिकमध्ये आला आणि 2000 च्या सिडनीपासून पदकाचा खेळ झाला. सिडनी ते पॅरिस, सात ऑलिंपिक झाली. या सात ऑलिंपिकमध्ये भारताचा एकही तायक्वांदोपटू मॅटवर उतरलेला नाही. पदक सोडा, पात्रसुद्धा कुणी ठरलं नाही. पॅरालिंपिकमध्ये एकच नाव आहे, हरियाणातल्या भिवानी जिल्ह्याच्या अरुणा तंवरचं. ती टोकियोला गेली आणि पुन्हा 2024 ला पॅरिसला गेली. पॅरिसला पहिल्याच लढतीत तुर्कियेच्या मुलीकडून 19-0 नं हरली.

ही मुलगी एका ड्रायव्हरची लेक. हातात जन्मजात व्यंग. दोनदा पॅरालिंपिक खेळली. तिच्या नावाचा फ्लेक्स आपल्याकडे कुणी पाहिलाय? मीही नाही. आणि आपल्या चौकाचौकांत ‘आंतरराष्ट्रीय’ मात्र डझनानं! देशाला सात ऑलिंपिकमध्ये जे जमलं नाही, ते आपल्या गल्लीत दर दिवाळीच्या सुट्टीत जमतंय. हे गणित कुठंतरी चुकतंय ना राव?

गणित कसं चुकतं ते सांगतो.

जागतिक पातळीवर या खेळाची मुख्य संघटना एकच, ‘वर्ल्ड तायक्वांदो’. ऑलिंपिकला मान्य तीच. तिच्या स्पर्धांना श्रेणी असते, जी-1, जी-2 अशी चढत जाते आणि ऑलिंपिक म्हणजे जी-20. जी-1 स्पर्धेत सुवर्ण मिळालं तर क्रमवारीचे 10 गुण, ऑलिंपिकच्या सुवर्णाला 200. अशा स्पर्धेत उतरायचं तर खेळाडूकडं जागतिक संघटनेचा परवाना लागतो आणि तो देशातल्या सदस्य संघटनेमार्फतच निघतो. काळ्या पट्ट्याचं प्रमाणपत्र कोरियातल्या कुक्कीवॉनचं लागतं. ऑलिंपिकला एका वजनगटात जगभरातून जेमतेम सोळा जण जातात. पॅरिसला क्रमवारीतले पहिले पाच थेट गेले आणि आशियाच्या पात्रता स्पर्धेतून एका वजनगटात फक्त दोघं. कोरिया, चीन, इराण, थायलंड, उझबेकिस्तान हे सगळे त्या दोन जागांसाठी भांडतात. हा खरा रस्ता, आणि तो असा अरुंद आहे.

आता दुसरा रस्ता बघा. हा एकदम चौपदरी.

कुठल्यातरी संस्थेचं लेटरहेड तयार होतं. नावात ‘इंडो’, ‘एशियन’, ‘वर्ल्ड’ किंवा ‘युनिव्हर्सल’ यातला एक शब्द हमखास. मग काठमांडू नाहीतर बँकॉकला ‘इंटरनॅशनल चॅम्पियनशिप’ भरते. निवड चाचणी? ज्यानं पैसे भरले तो निवडला गेला. पासपोर्ट, तिकीट, राहणं, एन्ट्री फी, ट्रॅकसूट, सगळं बापाच्या खिशातून. तिथं हॉलमध्ये बघावं तर समोरच्या कोपऱ्यात नाशिकचं पोरगं, या कोपऱ्यात आपलं, आणि पंच अकोल्याचे. एका वजनगटात चार जण असले तर तिघा-चौघांना पदक मिळून जातं, कारण या खेळात कांस्य दोघांना देतात. परत आल्यावर रेल्वे स्टेशनवर ढोल, उघड्या जीपमधून मिरवणूक आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘जालन्याच्या सुपुत्राचा सातासमुद्रापार झेंडा’.

काठमांडूला जायला कोणता समुद्र लागतो, हे त्या बातमीदाराला कुणी विचारत नाही.

परदेशात जाऊन खेळणं गुन्हा नाही. खऱ्या जी-1 स्पर्धांतही क्लबचे खेळाडू स्वतःच्या खर्चानं जातात, अनुभव घेतात, हरतात, शिकतात. ते चांगलंच आहे. पण ‘भारतातून गेला’ आणि ‘भारताकडून खेळला’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला पासपोर्ट लागतो, दुसऱ्याला निवड लागते. आपल्याकडं पहिल्याच्या फोटोखाली दुसऱ्याचं नाव छापलं जातं, आणि लबाडी नेमकी इथं आहे.

कुणी म्हणेल, काय बिघडलं? लेकराला प्रोत्साहन मिळतं, आईबाप खूश, गावाचं नाव होतं, तुमच्या पोटात का दुखतं?

माझ्या पोटात का दुखतं ते सांगतो.

पहिलं कारण, पैसा. मंठा, परतूर, घनसावंगी, जाफराबाद इथला जो बाप लेकराला तायक्वांदोला पाठवतो, तो काही स्टील कंपनीचा मालक नसतो. कापूस, सोयाबीन, नाहीतर मोसंबीच्या चार ओळी, नाहीतर एमआयडीसीतली बारा तासांची पाळी. एका परदेश दौऱ्यात त्याच्या एका हंगामाचा कापूस जातो. मागं असे एक गृहस्थ बातमी घेऊन माझ्याकडं आले होते. पोरीचं पदक, फोटो, प्रमाणपत्र, सगळं फाईलमध्ये नीट लावलेलं. मी विचारलं, स्पर्धा कुणाची होती? म्हणाले, ‘सरांना माहीत असेल.’ मी विचारलं, किती देश आले होते? म्हणाले, ‘सरांना माहीत असेल.’ किती खर्च आला, हे मात्र त्यांना सरांना न विचारता पाठ होतं. बायकोची पोत मोडली होती.

1952 साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी सात हजारांसाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. ही गोष्ट आपण डोळ्यांत पाणी आणून भाषणात सांगतो. पण खाशाबा खऱ्या ऑलिंपिकला गेले होते आणि पदक घेऊन आले होते. आज आपल्याकडं गहाण तसंच पडतंय, फक्त पलीकडं ऑलिंपिक नसतं, एसी हॉलमधलं संमेलन असतं.

दुसरं कारण, प्रमाणपत्र. कागदाची खरी किंमत कुठं आहे ते समजून घ्या. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे 25 पर्यंत वाढीव गुण मिळतात. योजना चांगली आहे, आणि म्हणूनच तिच्याभोवती बाजार बसला. पोलीस भरतीच्या वेळी हे कागद बाहेर निघतात. ज्या पोरानं आठ वर्षं घाम गाळून मान्यताप्राप्त राज्य स्पर्धेत पदक मिळवलं, त्याच्या शेजारच्या खुर्चीत विकतच्या कागदाचा उमेदवार बसलेला असतो. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लागल्याची प्रकरणं उघडकीस आली. ट्रॅम्पोलिनसारखा खेळ आपल्या गावात कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, पण त्याची प्रमाणपत्रं भरतीत चालली होती. या बाजारात खरं पोरगं दोनदा मरतं. एकदा बोगसवाला त्याची जागा खातो तेव्हा. आणि दुसऱ्यांदा, बोगस कागदांमुळं पडताळणी कडक होते आणि क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात त्याच्या खऱ्या कागदाकडंही संशयानं बघितलं जातं तेव्हा.

आणि ज्या पोराला आपण फसवले गेलोय हेच माहीत नाही, त्याचं काय? त्याच्या हातात ‘आंतरराष्ट्रीय सुवर्ण’ असतं. तो फॉर्ममध्ये खेळाडू म्हणून टिक करतो. लेखी काढतो, मैदानी काढतो आणि पडताळणीच्या टेबलावर त्याला कळतं की ही स्पर्धा शासनाच्या यादीतच नाही. तेव्हा तो बावीस वर्षांचा असतो. तोवर त्याचे सर दुसऱ्या बॅचला घेऊन विमानतळावर असतात.

तिसरं कारण वरचं आहे, दिल्लीचं. खालच्या दुकानांना नावं ठेवताना वरचा वाडा किती पडका आहे तेही बघू.

तायक्वांदोत देशपातळीवर संघटनांची भांडणं वर्षानुवर्षं चालली. जुनी ‘तायक्वांदो फेडरेशन ऑफ इंडिया’ एका बाजूला आणि जागतिक संघटनेची सदस्य झालेली ‘इंडिया तायक्वांदो’ दुसऱ्या बाजूला. वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. वर दोन गट झाले की राज्यात दोन होतात, राज्यात दोन झाले की जिल्ह्यात तीन. प्रत्येकाचा शिक्का वेगळा आणि प्रत्येकजण म्हणतो, खरा मीच. आयटीएफ नावाची शैली तर मुळातच वेगळी. 1966 पासूनची ही जुनी, जगभर पसरलेली शैली, पण ऑलिंपिकचा रस्ता तिकडून जात नाही. पाटीवर सगळ्यांच्याच ‘तायक्वांदो’ लिहिलेलं. जाफराबादच्या बापानं ओळखायचं कसं?

आणि फेब्रुवारी 2025. उत्तराखंडच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा. हल्द्वानीत तायक्वांदोच्या लढती सुरू व्हायच्या आधीच तक्रार झाली की सोळापैकी दहा वजनगटांचे निकाल ठरलेले आहेत. आरोप असा होता की सुवर्णाला तीन लाख, रौप्याला दोन, कांस्याला एक असा भाव फुटलाय. स्पर्धा संचालकाला पदावरून हटवून ऐनवेळी दुसरा माणूस नेमावा लागला. आरोप संबंधितांना मान्य नव्हते, आणि खरं-खोटं ठरवणं माझं काम नाही. पण भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या समितीला स्पर्धेच्या तोंडावर असं पाऊल उचलावं लागतं, तेव्हा त्या मॅटवर उतरणाऱ्या अठरा वर्षांच्या पोरीनं कुणावर विश्वास ठेवायचा? त्या स्पर्धेत सगळ्या खेळांत मिळून महाराष्ट्रानं 198 पदकं आणली, देशात सगळ्यात जास्त. आपण फटाके वाजवले. कोणत्या खेळातला कारभार किती कुजलाय हे मात्र विचारलं नाही.

आता कुणी म्हणेल, गरीब देश आहे, सुविधा नाहीत, लोकसंख्या मोठी आहे. हे रडगाणं तायक्वांदोत चालत नाही. कारण हा खेळच गरिबांचा आहे. घोडा लागत नाही, नाव लागत नाही, बंदूक लागत नाही.

अफगाणिस्तानला आजवर ऑलिंपिकची दोन पदकं मिळाली, बीजिंग 2008 आणि लंडन 2012. दोन्ही तायक्वांदोची, दोन्ही रोहुल्ला निकपाई या एका माणसाची. हा पोरगा इराणमधल्या निर्वासितांच्या छावणीत राहिलेला. जॉर्डनचं ऑलिंपिकमधलं पहिलं पदक तायक्वांदोचं, 2016 ला अहमद अबुघौशचं, आणि तेही थेट सुवर्ण. गॅबनचं पहिलं पदक तायक्वांदोचं. आयव्हरी कोस्टचं पहिलं सुवर्ण तायक्वांदोचं. नायजर, जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक, त्याचं रिओतलं रौप्य तायक्वांदोचं. थायलंडची पानिपाक सुरत थानी नावाच्या प्रांतातून आली, बँकॉकमधून नाही, आणि टोकियो-पॅरिस अशी लागोपाठ दोन सुवर्णं घेऊन गेली. तिच्या संघाला चोई नावाचा एकच कोरियन प्रशिक्षक वीस-बावीस वर्षं होता. वीस वर्षं एकच माणूस! आपल्याकडं तेवढ्या काळात संघटनेचे शिक्के किती बदलले ते मोजा.

आणखी एक सांगतो. जॉर्डनमध्ये अझराक नावाची सीरियन निर्वासितांची छावणी आहे. वाळवंटात पत्र्याच्या खोल्या. तिथं जागतिक संघटनेच्या मदतीनं तायक्वांदोचा वर्ग चालतो. तिथं शिकलेला याह्या अल घोतानी 2024 ला पॅरिसमध्ये निर्वासितांच्या संघाचा झेंडा घेऊन चालला आणि तायक्वांदो खेळला. ज्यांना देश नाही, त्यांना ऑलिंपिकचा रस्ता सापडला. आपल्याला देश आहे, राज्य आहे, आठ तालुक्यांचा जिल्हा आहे, क्रीडा अधिकारी आहेत, संकुल आहे. सापडत नाही तो फक्त रस्ता.

खरं आंतरराष्ट्रीय करिअर कसं दिसतं ते बघायचं तर लांब जायला नको, मुंबईपर्यंत जा. रूपा बायोर ही अरुणाचलच्या अप्पर सुबनसिरी जिल्ह्यातली मुलगी. देशाच्या त्या टोकाचं गाव सोडून मुंबईत आली आणि प्रशिक्षक अभिषेक दुबे यांच्याकडं राहिली. तिचा प्रकार पूमसे. म्हणजे समोर प्रतिस्पर्धी नसतो, ठरलेल्या हालचाली एका ओळीत करायच्या आणि पंच त्यातला ताल, तोल, ताकद बघून गुण देतात. पाय किती अंशांत वळला, नजर कुठं होती, इथवर मोजलं जातं. रोज त्याच हालचाली, हजारो वेळा. मे 2024 मध्ये व्हिएतनामच्या दा नांगला आशियाई पूमसे स्पर्धेत तिनं कांस्य घेतलं. या स्पर्धेत वैयक्तिक पदक घेणारी ती पहिली भारतीय. पहिली! तायक्वांदो भारतात येऊन पन्नास वर्षं होत आली तेव्हा.

आणि त्यातही एक दुखणं बघा. पूमसे 2018 पासून आशियाई क्रीडा स्पर्धेत आहे, पण ऑलिंपिकमध्ये नाही. म्हणजे आशियात पदक घेणारी ही मुलगी त्या प्रकारात ऑलिंपिकला जाऊच शकत नाही. खऱ्या ‘आंतरराष्ट्रीय’ खेळाडूचं आयुष्य असं असतं. एक पदक, त्याच्यामागं घर सोडून काढलेली वर्षं, आणि पुढं पुन्हा भिंत. आता हे आणि सुट्टीतल्या पाच दिवसांच्या दौऱ्याचं पदक एकाच शब्दानं ओळखायचं का?

शब्द स्वस्त झाला की सगळ्यात जास्त नुकसान खऱ्या गुणवत्तेचं होतं, हे माझं मुख्य म्हणणं. समजा उद्या बदनापूरच्या एखाद्या पोरीत खरंच दम निघाला. तिला पहिल्यांदा काय सांगितलं जाईल? ‘तू तर आंतरराष्ट्रीय आहेस.’ बाराव्या वर्षी ती शिखरावर! मग ती राज्य निवड चाचणीत पुण्या-मुंबईच्या पोरींपुढं उभी राहते आणि पहिल्या फेरीत हरते. कारण तिनं आयुष्यात कधी इलेक्ट्रॉनिक चेस्ट गार्ड घातलेलं नसतं. आता मोठ्या स्पर्धांत गुण पंचाच्या डोळ्यांवर ठरत नाहीत. छातीच्या गार्डमध्ये आणि पायातल्या मोज्यात सेन्सर असतात, लाथ योग्य जागी आणि ठरलेल्या जोरात लागली तरच मशीन गुण देतं. छातीला दोन, डोक्याला तीन, वळून मारली तर आणखी दोन वाढीव. साध्या गार्डवर ‘धाड’ असा आवाज काढायला शिकलेलं पोर तिथं लाथा मारत राहतं आणि बोर्डवर शून्यच दिसतं. हरल्यावर ती रडते, आईबाप म्हणतात पंचांनी मराठवाड्यावर अन्याय केला, आणि खेळ सुटतो. अन्याय झाला हे खरं. पण तो त्या दिवशी मॅटवर झालेला नसतो, आधीची पाच वर्षं गावात झालेला असतो.

अशा मशीनचा एका कोर्टचा संच लाखांच्या घरात जातो. एका क्लबला परवडणारा नाही. पण एका जिल्ह्याला? आपल्याच जालन्यानं डिसेंबर 2018 मध्ये महाराष्ट्र केसरी भरवली, बाला रफिक शेखनं गदा उचलली, सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. मंडप, माती, पाहुणे, सगळं जमलं. आपल्याच जालन्याच्या विजय झोलनं 2014 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं. म्हणजे पैसा नाही, माणसं नाहीत, जमत नाही, हे सगळं खोटं आहे. एका सत्कार सोहळ्याच्या मंडपाचे, जेवणाचे आणि फ्लेक्सचे पैसे तीन-चार वर्षं बाजूला ठेवले तर संच येतो. पण संचावर कुणाचा फोटो छापता येत नाही ना!

पदकानंतरच्या पैशांवर आपल्याकडं जोरात चर्चा होते. स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला कांस्य घेतलं. खाशाबांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मग बक्षीस किती, हरियाणा किती देतं, आपण किती देतो, यावर त्याच्या वडिलांना जाहीर बोलावं लागलं. त्यांचं बोलणं रास्तच होतं. पण पदकाआधीच्या दहा वर्षांत लेकराच्या जेवणाला, प्रशिक्षकाच्या पगाराला आणि फिजिओला कोण पैसे देतं, यावर एकही नेता पत्रकार परिषद घेत नाही.

इथं एक गोष्ट ठामपणे लिहितो, नाहीतर माझ्या पोस्टचा गैरफायदा घेतला जाईल. आपल्या जिल्ह्यात प्रामाणिक प्रशिक्षक आहेत. शाळेच्या व्हरांड्यात, मंगल कार्यालय रिकामं असेल तेव्हा तिथं, महिन्याला दोन-तीनशे रुपये फी घेऊन, निम्म्यांची तीही सोडून देऊन शिकवणारे आहेत. ते पोराला सांगतात, ‘अजून तू तयार नाहीस, आधी विभाग जिंक.’ आणि पुढच्या महिन्यात ते पोर त्यांना सोडून शेजारच्या क्लबात जातं, कारण तिथं लगेच बँकॉक आहे. खरं बोलणाऱ्या मास्तरची पोरं पळतात आणि खोटं बोलणाऱ्याची बॅच भरते. या बाजाराची सगळ्यात मोठी शिक्षा या माणसांना होते. त्यांच्यासाठी तरी हे बोललं पाहिजे.

आईबापांनी पैसे भरायच्या आधी सरांना पाच प्रश्न विचारावेत. हात जोडून, पण विचारावेत.

1. ही स्पर्धा जागतिक संघटनेच्या कॅलेंडरवर आहे का, आणि तिची श्रेणी कोणती?
2. माझ्या लेकराचा जागतिक परवाना कुणामार्फत निघालाय? नंबर दाखवा.
3. निवड चाचणी कधी, कुठं झाली, आणि त्यात हरलं कोण? (हरलेला कुणीच नसेल तर ती निवड नव्हे, वर्गणी.)
4. हे प्रमाणपत्र 5 टक्के आरक्षणाच्या पडताळणीत चालतं, असं तुमच्या सहीनं लिहून द्या.
5. मुली सोबत असतील तर जबाबदार महिला व्यवस्थापक कोण, आणि त्यांचा नंबर काय?

चौथ्या प्रश्नाला सर चिडले तर समजून जा.

आणि शासनाकडं, म्हणजे जिल्हा क्रीडा कार्यालयाकडं आणि पालकमंत्र्यांकडं मागण्या फक्त तीन आहेत. एक, दर जूनमध्ये प्रत्येक खेळाची मान्यताप्राप्त संघटना कोणती आणि कोणत्या स्पर्धांची प्रमाणपत्रं चालतात, याची यादी मराठीत, मोठ्या अक्षरांत कार्यालयाच्या दारावर, प्रत्येक पंचायत समितीत आणि प्रत्येक शाळेत लावा. एका कागदाचा खर्च आहे, पण शेकडो बाप वाचतील. दोन, तायक्वांदोसाठी जिल्हा संकुलात एक इलेक्ट्रॉनिक संच आणा आणि कोणत्याही गटाचं पोर असो, आठवड्यातून एक दिवस सगळ्यांना खुला ठेवा. तीन, ऑगस्ट 2025 मध्ये संसदेत राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. त्यात क्रीडा मंडळ आहे, वाद सोडवायला न्यायाधिकरण आहे, महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षेची तरतूद आहे. ते जिल्ह्यापर्यंत कसं पोचणार, हे आम्हाला सांगा. कायदा दिल्लीत झाला तरी लेकरू जालन्यात फसतंय.

पुढाऱ्यांना एकच विनंती. सत्काराला बोलावलं की जा, पण शाल घालायच्या आधी त्या लेकराला विचारा, ‘बाळा, किती लढती खेळलास, कोणाला हरवलंस?’ दोन मिनिटं लागतील. लेकरं खोटं बोलत नाहीत. ती आपल्याकडं बघतात, मग सरांकडं बघतात. तेवढ्यात तुम्हाला कळेल.

वर्तमानपत्रांनीही प्रेसनोट आली तशी लावण्याआधी स्पर्धेचं नाव एकदा तपासावं. मोबाईल सगळ्यांच्या खिशात आहे.

मला माहीत आहे, ही पोस्ट वाचून काही जण म्हणतील की हा माणूस खेळाच्या मुळावर उठलाय. त्यांना माझं उघड आव्हान आहे. तुमच्या क्लबच्या मागच्या पाच वर्षांतल्या ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धांची यादी, श्रेणी आणि परवान्यांसह जाहीर करा. जे खरं निघेल त्याची बातमी मी स्वतः करीन, फोटोसकट, आणि त्या लेकराच्या घरी पेढे घेऊन जाईन. जे खोटं निघेल त्याचे पैसे बापाला परत करा.

2026 च्या सप्टेंबरमध्ये जपानच्या आयची-नागोयाला आशियाई क्रीडा स्पर्धा आहेत, 2028 ला लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक आहे. त्यात जालन्याचं कुणी नसेल. ठीक आहे. आज आठ वर्षांचं असलेलं पोर 2036 ला अठराचं होईल. त्याला आत्तापासून खरं सांगितलं, खरं शिकवलं, आणि त्याच्या बापाचा कापूस दौऱ्यात न घालवता त्याच्या दुधाला आणि बुटाला लावला, तर काय सांगावं. तोवर त्याला ‘जालन्याचा तालुका पातळीवरचा खेळाडू’ म्हणा. तो शब्द लहान आहे, पण खरा आहे, आणि त्यावर पुढची पायरी चढता येते.

पटलं तर एखाद्या पालकाला पाठवा. नाही पटलं तर खाली येऊन भांडा, पण कॅलेंडर आणि श्रेणी घेऊन या.